प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेतील भूमिती आणि मापन: सुरुवात कोठून करावी?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी गोव्यातील एका अध्यापक विद्यालयात डी.एल.एड.च्या वर्गांना गणित शिकवते. येत्या सत्रासाठी भूमिती आणि मापन या घटकाची आखणी नव्याने करायची आहे आणि त्याविषयी येथील जाणकारांची मते हवी आहेत. आमच्याकडे येणारे छात्राध्यापक बारावी होऊन येतात. ज्यांनी कला किंवा वाणिज्य शाखा घेतली, त्यांचा भूमितीशी शेवटचा संबंध दहावीच्या परीक्षेत आलेला असतो. पुढे हीच मंडळी पहिली ते चौथीच्या मुलांना लांबी, वजन, धारकता, आकार, सममिती आणि क्षेत्रफळाची पहिली ओळख करून देणार आहेत. त्यामुळे या अभ्यासक्रमात त्यांना आणखी पुढचे गणित शिकवण्यात मला फारसे हशील दिसत नाही. जे येते असे त्यांना वाटते, तेच उकलून पुन्हा बांधायला हवे.

रूढ क्रम सर्वांना माहीत आहे: बिंदू, रेषा, कोन, त्रिकोण, चौकोन, मग सूत्रे, आणि सत्र संपत आले की उरलेल्या तासांत मापन. हा क्रम मला उलटा करावासा वाटतो. पहिल्या तासाला मी कागदाची एक पट्टी मोजपट्टीवर ३ च्या खुणेपासून ११ च्या खुणेपर्यंत ठेवते आणि तिची लांबी विचारते. काही जण ११ सेंमी म्हणतात, कारण टोक जिथे येईल तो आकडा वाचायचा, ही हाताला लागलेली सवय असते. काही जण ९ म्हणतात. ते ३ पासून ११ पर्यंतच्या रेघा मोजतात. ही दुसरी चूक मला अधिक बोलकी वाटते. सेंटिमीटर म्हणजे दोन रेघांमधली जागा, ही गोष्ट ज्याच्या मनात पक्की नाही, त्याला चौरस सेंटिमीटर म्हणजे काय ते कसे कळावे? लांबी गुणिले रुंदी हे सूत्र मात्र वर्गात प्रत्येकाला पाठ असते.

म्हणून पहिला महिना केवळ मोजण्यासाठी ठेवावा, असा माझा विचार आहे. एकक निवडणे, ते मध्ये फट न ठेवता आणि एकावर एक न चढवता ठेवत जाणे, उरलेल्या तुकड्यासाठी लहान एकक घेणे, आणि हे सर्व लांबी, क्षेत्रफळ, घनफळ व कोन या चारही बाबतीत करणे. त्यानंतर आकार व त्यांचे गुणधर्म, आणि सूत्रे सर्वांत शेवटी. यात आपणास कोणते धोके दिसतात?

जुना_मास्तर

बाई, पेडणे तालुक्यातील प्राथमिक शाळांत माझी सारी नोकरी झाली. आपला क्रम मला पटतो, परंतु एक गोष्ट सांगतो. वीत, हात, पाऊल यांनी बाक मोजणे हा उपक्रम पुस्तकांत आधीपासून आहे आणि शाळाशाळांतून तो होतही असतो. होते काय, की मुले बाक मोजतात, वहीत ‘७ वीत’ असे लिहितात आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर सेंटिमीटर येतो. एका मुलाची ७ वीत आणि शेजारच्या मुलीची ८ वीत का भरली, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. एकक लहान घेतले की संख्या मोठी येते, हे मुलाच्या तोंडून आले पाहिजे, कारण मीटरचे सेंटिमीटर करताना गुणायचे की भागायचे, हा गोंधळ पाचवी-सहावीपर्यंत त्याच एका न विचारलेल्या प्रश्नामुळे चालतो.

दुसरे, आपल्या गावांत कुडव आणि पायली अजून काही घरांत माळ्यावर सापडते. ती वर्गात आणावी. भात मापताना शीग ठेवायची की काठीने सपाट करायचे, यावरून पूर्वी खळ्यावर वाद व्हायचे. शीग ठेवून पाच मापे आणि सपाट पाच मापे यांत किती फरक पडतो, हे मुलांनी तांदूळ ओतून पाहावे. ‘एक’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवल्यावाचून मोजणीला अर्थ नाही, हे त्यांना तिथे आपोआप कळते.

समांतर_रेषा

मी महाविद्यालयात गणित शिकवतो आणि मला या आखणीबद्दल शंका आहे. मोजण्याला विरोध नाही. परंतु भावी शिक्षकांच्या अभ्यासक्रमात कृतींचा भरणा झाला की व्याख्या आणि सिद्धता हळूच बाहेर पडतात, असा अनुभव आहे. अमेरिकेत प्राथमिक शिक्षकांच्या गणिताविषयी कॉन्फरन्स बोर्ड ऑफ द मॅथेमॅटिकल सायन्सेस या मंडळाने २०१२ मध्ये जो अहवाल दिला, त्यात केवळ प्राथमिक स्तरावरील गणिताच्या मूलभूत कल्पनांसाठी किमान १२ सत्र-तासांची (सत्रभर आठवड्याला एक तास म्हणजे एक सत्र-तास) शिफारस आहे, म्हणजे साधारणपणे चार स्वतंत्र अभ्यासक्रम. तिकडील अनेक महाविद्यालयांत त्यांपैकी एक पूर्णपणे भूमिती आणि मापनाचा असतो. आपल्याकडे तेवढा वेळ नाही. म्हणूनच जो आहे तो मोजण्यात घालवताना विचार करावा.

एक उदाहरण घ्या. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते, हे दाखवण्यासाठी कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवतात आणि सरळ रेघ तयार होते. कृती सुंदर आहे. पण बेरीज १७९ अंश असती, तरी फाडलेल्या कागदांनी तशीच सरळ रेघ दिसली असती. शिवाय ती एका त्रिकोणाची गोष्ट झाली. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली आणि व्युत्क्रम कोन पाहिले की ‘प्रत्येक त्रिकोणात’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार मिळतो. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरील ९० अंशांच्या अंतरावरचे दोन बिंदू घेऊन त्रिकोण काढा. तिन्ही कोन काटकोन येतात आणि बेरीज २७० होते. ज्या छात्राध्यापकाने समांतर रेषेची सिद्धता नीट पाहिली आहे, त्यालाच इथे नेमके काय बिघडले ते सांगता येईल. ज्याने केवळ कागद फाडला, त्याला ते एक नवल वाटेल, इतकेच.

समांतरभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाचेही तसेच आहे. एका बाजूचा त्रिकोण कापून दुसऱ्या बाजूला लावला की आयत होतो, असे सर्वत्र शिकवतात. चौकोन खूपच कललेला असेल आणि वरच्या कोपऱ्यातून सोडलेला लंब पायाच्या बाहेर पडत असेल, तर ही कापाकापी एका फटक्यात जमत नाही. चौथीतला एखादा चौकस मुलगा नेमका तसाच चौकोन काढून आणेल. तेव्हा शिक्षकाने काय करायचे?

मांडवीकाठ

सर, शेवटचा प्रश्न मी तसाच्या तसा वर्गात नेणार आहे. उत्तरे एकाहून अधिक आहेत, हे त्यातील सौंदर्य. पायाला समांतर अशा रेषांनी चौकोनाच्या पट्ट्या पाडाव्यात, म्हणजे प्रत्येक पट्टी पुरेशी बुटकी होते आणि तिच्यापुरती ती जुनी कापाकापी चालते. किंवा चौकोनाभोवती मोठा आयत आखून दोन्ही बाजूंचे काटकोन त्रिकोण वजा करावेत.

सिद्धतेला माझा विरोध नाही, केवळ वेळेचा प्रश्न आहे, आणि वेळ म्हणजे इथे तासिका नव्हे. नेदरलँड्समधील पिअर व्हान हिले आणि डिना व्हान हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात जे प्रबंध सादर केले, त्यांतून भूमितीच्या समजेच्या पायऱ्यांची कल्पना पुढे आली. पहिल्या पायरीवर मूल आकार एकसंध रूपाने ओळखते: हा दारासारखा दिसतो, म्हणून आयत. दुसरीवर ते गुणधर्म पाहते. तिसरीवर गुणधर्मांमधील नाती दिसू लागतात आणि प्रत्येक चौरस हा आयतच असतो, हे विधान त्याला खटकेनासे होते. औपचारिक सिद्धता त्याच्याही पुढे. त्यांच्या मांडणीतील मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी, की या पायऱ्या वयाने आपोआप चढल्या जात नाहीत, शिकवण्याने चढल्या जातात. आणि शिक्षक एका पायरीवरून बोलत असेल व विद्यार्थी दुसऱ्या पायरीवर उभा असेल, तर शब्द तेच असूनही दोघांना एकमेकांचे कळत नाही.

आमच्या वर्गात चौरस ४५ अंशांत फिरवून फळ्यावर काढला की ‘आता हा चौरस राहिला नाही’ असे म्हणणारे छात्राध्यापक असतात. त्यांच्यासमोर पहिल्याच आठवड्यात व्याख्येची उतरंड मांडली, तर ते ती पाठ करतील आणि परीक्षेनंतर विसरतील. त्याऐवजी मी कागदी आकार वाटते, प्रत्येकाच्या बाजू आणि कोन मोजायला लावते आणि गुणधर्मांची यादी करून घेते. आयताच्या यादीतील प्रत्येक ओळ चौरसाच्याही यादीत आहे, हे कोणाच्या तरी लक्षात येतेच, आणि मग व्याख्येवरचा वाद वर्गच सुरू करतो.

भूमापक_सत्तरी

मी शिक्षक नाही, जमीन मोजणीच्या कामात आहे, तरी या विषयावर लिहावेसे वाटले. शाळेतील भूमितीत सर्व शेते आयताकृती असतात. प्रत्यक्षात खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतील, शेत असो वा भरडावरील काजूची बाग, आयत क्वचितच भेटतो. आम्ही जमिनीचे त्रिकोण पाडतो आणि बेरीज करतो. हे छात्राध्यापकांना शाळेच्या आवारातच करायला लावता येईल: चार खुंट, सुतळी आणि तीस मीटरची टेप एवढेच साहित्य लागते.

आपल्या राज्यात एक सोय आहे, तिचा वर्गात उपयोग व्हावा. गोव्यात लोक जमिनीबद्दल चौरस मीटरमध्ये बोलतात आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या कागदावर, क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. मुलाला विचारावे की मीटरचे सेंटिमीटर १०० होतात, मग चौरस मीटरचे चौरस सेंटिमीटर १०० का होत नाहीत, १०,००० का होतात? जमिनीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस आखून त्यात एका कडेने सेंटिमीटरचे चौकोन मांडायला सुरुवात केली, की पहिली ओळ पूर्ण व्हायच्या आत मुले उत्तर सांगतात. सिंधुदुर्गातले पाहुणे आले की गुंठा येतो. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे आराच्या इतका जवळ, की लोक दोन्ही एकच धरतात. एका हेक्टरात मात्र १०० नव्हे, ९८.८ गुंठेच बसतात, आणि जमिनीच्या आजच्या दरात हा सव्वा गुंठ्याच्या आसपासचा फरक कोणी सोडत नाही.

आणखी एक बाब कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेली नाही. उताराच्या जमिनीचे क्षेत्र आम्ही उतारावर टेप टाकून काढत नाही. नकाशावर आडवे अंतर जाते. ३० अंशांच्या चढावर २० मीटर टेप धरली, तर आडवे अंतर साधारण १७.३ मीटर भरते. डोंगरावर प्लॉट घेणारा माणूस स्वतः टेप लावून पाहतो आणि आपल्याला जास्त जागा मिळाली, असे समजून खूश होतो!

डिचोलीची_छात्राध्यापिका

मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि शालेय आंतरवासितेत चौथीचा वर्ग घेत आहे. भूमापक सरांनी कुंपणाचा, म्हणजे कडेच्या लांबीचा, उल्लेख केला नाही, म्हणून माझा प्रश्न विचारते. वर्गातील एका मुलाने स्वतःहून नियम मांडला: कडेची लांबी वाढली की आतली जागाही वाढते. त्याने दोन आयत काढून दाखवले, ३ बाय ४ आणि ३ बाय ६. दोन्हींत त्याचे म्हणणे खरे होते. वर्गाने मान डोलावली. मी त्याला चूक म्हटले नाही, पण बरोबरही म्हणता येईना, म्हणून ‘उद्या पाहू’ असे सांगितले. उद्या काय पाहावे?

याच शाळेजवळ एक जुने घर आहे, त्याच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आहेत. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत एकेक शिंपला बसवलेला असतो. मी मुलांना खिडकीत किती शिंपले आहेत, ते विचारले. अर्धी मुले बोट दाखवत एकेक मोजत गेली आणि मध्येच हरवली. एका मुलीने फक्त वरची ओळ आणि डावीकडचा रकाना मोजला. मग मी अर्धी खिडकी ओढणीने झाकली आणि पुन्हा विचारले. ज्या मुलांना ओळी दिसत होत्या त्यांना ओढणीचा अडथळा झाला नाही. बाकीच्यांसाठी झाकलेले शिंपले नाहीसेच झाले. लांबी गुणिले रुंदी लिहिण्याआधी कोणाला ओळी दिसतात आणि कोणाला नाही, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

मांडवीकाठ

ओढणीची युक्ती फार चांगली आहे, ती मी उचलणार.

त्या मुलाच्या नियमाबद्दल: उद्या जाताना चौकटीच्या कागदावर दोन आकृत्या घेऊन जा. ४ बाय ४ च्या चौरसाची परिमिती १६ आणि क्षेत्रफळ १६. १ बाय ९ च्या आयताची परिमिती २० आणि क्षेत्रफळ ९. कड वाढली, जागा घटली. मधे २ बाय ८ ठेवला, तर कड २० आणि जागा पुन्हा १६. नियम खोडायला एवढे पुरे. पण तिथे थांबू नका, कारण त्या मुलाने शोधलेल्या गोष्टीत तथ्य आहे. त्याने एक बाजू ३ वर कायम ठेवली होती आणि दुसरीच वाढवली होती. एक बाजू तीच ठेवून दुसरी वाढवली, तर कड आणि जागा दोन्ही वाढतात, हे नेहमीच खरे आहे. तुझा नियम कोणत्या आयतांना लागू पडतो, असे त्यालाच विचारा. चौथीतला मुलगा अट शोधून काढतो तेव्हा तो गणितच करत असतो, आणि समांतर_रेषा सरांना हवी असलेली सिद्धतेची सवय येथून लागते, असे मला वाटते.

भूमापक_सत्तरी

कुंपणाचे राहिले होते, ते लिहितो. २० बाय २० च्या प्लॉटला ८० मीटर कुंपण लागते आणि ३५ बाय ५ च्या प्लॉटलाही ८० मीटरच. पहिल्यात ४०० चौरस मीटर, दुसऱ्यात १७५. कुंपणाचा खर्च दोघांना सारखा.

चांदरगड_वाटसरू

हे सर्व वाचायला छान आहे. परीक्षेत काय विचारणार?

मांडवीकाठ

रास्त प्रश्न आहे, कारण छात्राध्यापक परीक्षेकडे पाहूनच शिकतात. मी बहुतेक प्रश्नांत एखाद्या मुलाचे उत्तर देते आणि त्याच्या मागचा विचार ओळखायला सांगते. उदाहरणार्थ, ६० अंशांचा कोन मोजून मुलाने १२० लिहिले. त्याने कोनमापक कसा वाचला आणि आकडा न सांगता त्याची चूक त्याच्याच लक्षात कशी आणून द्याल? कोनमापकावर दोन्ही बाजूंनी आकडे असतात आणि मुलाने उलटी मोजणी वाचली, इतके बहुतेकांना सांगता येते. ‘हा कोन काटकोनाहून लहान दिसतो की मोठा?’ असे मोजण्यापूर्वीच विचारायला हवे होते, हे थोड्यांना सुचते. किंवा दोन सारखे कोन काढून एकाच्या भुजा लांब ठेवायच्या. लांब भुजांचा कोन मोठा, असे मूल म्हणते. इथे भुजा वाढवून पाहण्यापेक्षा दार उघडून दाखवणारा छात्राध्यापक मला अधिक गुण मिळवताना दिसतो, कारण कोन म्हणजे वळण, हे त्याने स्वतःशी ठरवलेले असते.

घनफळासाठी यंदा पावसाचा प्रश्न देण्याचा विचार आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये का सांगतात, पाणी तर लिटरमध्ये मोजतात? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचले तर ते १,००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर तीन लाख लिटर पाणी. अडचण एकच आहे. आपली कौलारू छपरे उतरती असतात. क्षेत्रफळ कौलांचे घ्यायचे की खालच्या जमिनीचे?

भूमापक_सत्तरी

आडवे घ्यायचे, नकाशासारखे. सरळ पडणारा पाऊस छपराच्या खाली जेवढी जमीन झाकली आहे, तेवढाच छपरावर पडणार. छप्पर जास्त उतरते केले म्हणून पाणी वाढत नाही, कौले तेवढी जास्त लागतात. पागोळीच्या आतली जमीन मोजली की काम झाले.

जुना_मास्तर

आपल्याकडे जुलैत पाऊस सरळ कुठे पडतो? पश्चिमेकडून झोडपतो. घराची एक बाजू भिजून चिंब होते आणि दुसऱ्या बाजूवर निम्मेही पाणी येत नाही. मग हे आडवे क्षेत्र कसे धरायचे?

समांतर_रेषा

मास्तर, प्रश्न उत्तम आहे आणि उत्तर अनपेक्षित आहे. समजा छपराला पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, दोन आहेत, वारा आढ्याला काटकोनात आहे आणि पाऊस सर्वत्र सारखाच तिरपा पडतो आहे. पागोळीच्या पातळीवर एक आडवा कागद ताणून धरला आहे, अशी कल्पना करा. छप्पर नसते, तर जे तिरपे थेंब त्या कागदावर पडले असते, तेच थेंब आता वाटेत छपरावर अडतात. म्हणून वाऱ्याकडील पाख जितके जास्त पाणी घेते, तितकेच पलीकडचे पाख कमी घेते आणि बेरीज आडव्या क्षेत्राइतकीच राहते. पर्जन्यमापकाचे तोंडही आडवेच असते, त्यामुळे त्यावरचा मिलिमीटरचा आकडा इथे तसाच वापरता येतो.

मात्र ही बेरीज दोन्ही पाखी भिजत असतील तोवरच खरी आहे. पाऊस छपराच्या उताराहूनही अधिक आडवा आला, की पलीकडचे पाख कोरडे राहते आणि अलीकडचे पाख आडव्या क्षेत्राच्या हिशेबापेक्षा जास्त पाणी घेऊ लागते. वह्यांचे पुठ्ठे दुमडून छप्पर करावे आणि पावसाच्या धारा म्हणून सुया किंवा खराट्याच्या काड्या एकाच कलाने समांतर धराव्यात. मग मुलांनाही ते दिसेल. मांडवीकाठ मॅडम, परीक्षेत हा प्रश्न देणार असाल, तर ‘पाऊस सरळ पडतो असे माना’ हे वाक्य गाळा. ते मानावे लागते की नाही, हेच त्यांनी ठरवू द्या.